पंपाने हवा धरली तर

आमचे काका पंप दुरुस्त करतात, म्हणून गल्लीत सगळे त्यांना पंपकाका म्हणतात. पंप उघडण्याआधी ते लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक त्याला टेकवतात, मूठ कानाला लावतात आणि डोळे मिटून दुखणं सांगतात. सहसा चुकत नाहीत. याचा त्यांना भारी अभिमान, आणि तो ऐकून ऐकून आमचे कान किटलेत.

दीड वर्षापूर्वी जिना चढताना काकूंना धाप लागू लागली. एकदा काकांनी गमतीने तोच स्क्रूड्रायव्हर काकूंच्या बरगडीला टेकवला. ठोक्याबरोबर बारीक फुसफुस येत होती. झडप गळतेय तुझी, असं त्यांनी जाहीर केलं आणि आम्ही पोट धरधरून हसलो. काकूही हसल्या. पुढे कोणाच्या ते ध्यानातही राहिलं नाही.

गेल्या हिवाळ्याच्या तोंडाशी काकू जिन्यातच बसल्या, उठवेना. डॉक्टरीणबाईंनी हृदय पडद्यावर दाखवलं. डावीकडे वर एक कप्पा, खाली एक, मध्ये झडप. खालचा कप्पा आवळला की सगळं रक्त अंगभर जायला हवं. पण झडप नीट मिटत नव्हती, त्यामुळे थोडं रक्त उलटं वर जायचं आणि मागे फुफ्फुसांत तुंबायचं. काकांना दुसऱ्यांदा सांगावं लागलं नाही. त्यांचा हात खिशातल्या स्क्रूड्रायव्हरवर गेला होता.

झडप बदलायची, तर हृदय थांबवावं लागणार होतं. तेवढा वेळ एक यंत्र रक्त फिरवणार. सहीचा कागद पुढे आला. काकांनी पेन उचललं आणि परत ठेवलं. बंद केलेला पंप सुरू करताना काय होतं, ते त्यांनी हजारदा पाहिलं होतं. आत हवा राहिली की पंप नुसताच फिरतो, पाणी उचलत नाही.

"सुरू करताना हवा धरली तर?" त्यांनी विचारलं.

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. डॉक्टरीणबाई मात्र हसल्या नाहीत. शेवटचा बुडबुडा काढण्यासाठी आम्ही जिवाचं रान करतो, म्हणाल्या, कारण तो मेंदूत गेला तर घात होतो. म्हणजे भीती खरीच होती. काकांनी सही केली, पण ती त्यांची वाटत नव्हती.

काकू वाचल्या. नवी झडप कडक आहे, घड्याळासारखी टिकटिकते. काका रोज अकराला कामावरून फोन करतात. काकू न बोलता फोन छातीला लावतात. टिकटिक ऐकली की काका फोन ठेवतात.

मंगळवारी फोन उचलला गेला, पण आवाज येईना. काका अवजारं तिथेच टाकून धावत घरी आले. काकू जाड स्वेटर घालून भाजी निवडत होत्या. फोन त्यांनी लोकरीवरच धरला होता.

काकांनी खाली बसून त्यांच्या छातीला कान लावला. बराच वेळ उठले नाहीत.

"अहो, चालू आहे ना?"

"आहे," काका म्हणाले. "स्क्रूड्रायव्हर लावला तेव्हाही मला ऐकू आलं होतं गं."