शेवटचा तंबू

माझ्या थोरल्या बहिणीचा नवरा चष्म्याच्या दुकानात काचा घासतो. दिवसभर मागच्या अंधाऱ्या खोलीत, चाकासमोर मान वाकवून. दुकानात भाऊजींना कुणी हिंग लावून विचारत नाही. रविवारी मैदानावर मुलामुलींचं स्काउट पथक घेतात, तेव्हा मात्र त्यांचा रुबाब बघावा. गळ्यात शिट्टी, भोवती मुलांचा घोळका, आणि सगळी त्यांना कॅप्टन म्हणतात. मुलं त्यांच्यावर जीव टाकतात, हे मी नाकारत नाही.

भाऊजींचं एक तत्त्व होतं. त्यांची मुलगी, आमची ठकू, त्याच पथकात होती आणि तिला सगळं शेवटी मिळायचं. जेवणाच्या रांगेत शेवटी, खेळातही शेवटी. का, तर कुणी बोट दाखवायला नको.

ताई वैतागायची. "अहो, तीही लहानच आहे ना?"

"माझी आहे ना, म्हणूनच," भाऊजी म्हणायचे. असलं उत्तर दिलं की माणसाला स्वतःबद्दल फार बरं वाटत असावं.

ठकू अकरा वर्षांची असताना त्यांचं शिबिर तलावाकाठच्या उतारावर होतं. एका तंबूत दोघं अशी वाटणी झाली आणि एक जण उरलं. कोण उरलं हे सांगायला नको. तिचा तंबू सगळ्यात खाली, पाण्याजवळ.

दुसऱ्या दिवशी दुपारनंतर वादळ आलं. आधी वारा, मग गारा, मग उतारावरून गढूळ पाण्याचे लोंढे. भाऊजींनी सगळ्यांना आपापल्या तंबूत थांबायला सांगितलं आणि एकेका तंबूतल्या मुलांना वरच्या पंपघरात नेऊन सोडायला लागले. कुणाचा हात धरून, कुणाला खांद्यावर घेऊन. काम चोख केलं, त्याबद्दल माझी काही तक्रार नाही.

मधेच ठकूचा तंबू कोसळला. वरून ओलं कापड, खालून पाणी, आणि अंधारात तंबूची चेन हाताला लागेना. ती "बाबा, बाबा" करून ओरडत राहिली. भाऊजी शेजारच्या तंबूपर्यंत आले, तिथली दोन मुलं घेऊन वर गेले. मग तिच्यासाठी परत आले. कुणालाही साधं खरचटलं नाही.

घरी आल्यावर ठकू तापाने फणफणली. मी मदतीला गेले, तेव्हा ताईने नवऱ्याशी अबोला धरला होता. समजूत घालत होती ती ठकूच.

"मावशी, वारा केवढा होता! त्यात बाबांना माझ्या हाका कशा ऐकू जाणार? ऐकू आल्या असत्या तर ते आधी माझ्याकडेच आले असते."

हे तिने मला सांगितलं, आईला सांगितलं, औषध द्यायला आलेल्या डॉक्टरीणबाईंनाही सांगितलं. एवढ्या एका गोष्टीला ती घट्ट धरून बसली होती. माझ्या जिभेवर आलेला प्रश्न मी गिळला आणि भाऊजींना काही विचारलं नाही.

पुढच्या महिन्यात पालकांनी भाऊजींचा सत्कार ठेवला. सभागृह गच्च भरलं होतं. ठकू नवा फ्रॉक घालून माझ्या आणि ताईच्या मधे बसली होती, बापाकडे टक लावून. भाऊजी बोलायला उभे राहिले. आधी थोडे अडखळले, मग त्यांना सूर सापडला.

"तुमची मुलं माझ्या भरवशावर होती," ते म्हणाले. "माझी मुलगी मला हाका मारत होती. एकेक हाक मला स्पष्ट ऐकू येत होती. तरी मी आधी तुमची मुलं वर नेली."

टाळ्यांचा कडकडाट झाला. पुढच्या रांगेतल्या बायका डोळे पुसायला लागल्या. ताईने माझं मनगट आवळलं. मला तर त्या माणसाला स्टेजवरून खाली ओढावंसं वाटलं.

ठकू रडली नाही. आजूबाजूला बघून तिनेही टाळ्या वाजवल्या.

त्यानंतर तिने बापाला कधी हाक मारली नाही. माळ्यावरची जड पेटी काढायची असो की बाथरूममध्ये पाय घसरून पडलेली असो, जे काय करायचं ते एकटीच करते.

"शिबिरामुळे पोरगी किती स्वावलंबी झाली बघा," भाऊजी येणाऱ्या-जाणाऱ्याला कौतुकाने सांगतात.