क्योतोच्या पुलावर मारलेली हाक

जपानातील कन्याशाळा पाहून अहवाल द्यावा, अशी बडोद्याच्या श्रीमंत सरकारांची आज्ञा झाली, तेव्हा समुद्रगमनास शास्त्राचा बाध नाही हे मी नागरवाड्यातील शेजाऱ्यांना तीन दिवस सप्रमाण पटवीत होतो. मुंबईहून कोबे बंदर आगबोटीने सुमारे महिनाभर. जाणाऱ्यांनी गरम बंडी व मेतकूट जवळ ठेवावे. तिकडच्या साध्या कढणातही मासळीचा अर्क असतो, तेव्हा विचारल्याखेरीज वाटी तोंडास लावू नये.

कोबेस आमच्या बडोद्याजवळच्या छाणी गावचे रेशमाचे व्यापारी मगनभाई दुभाषे म्हणून लाभले. त्यांच्यासह आगगाडीने क्योतोस जाऊन ओकादा नावाच्या शाळामास्तरांकडे उतरलो. त्यांच्या मुलीस, हारूस, तेरावे वर्ष लागले होते. त्या वयात तेथील मूल नवी वस्त्रे लेवून डोंगरावरच्या देवळात आकाशगर्भ बोधिसत्त्वाकडे बुद्धीचे दान मागते. मोठेपण तेथून सुरू होते. हारूचा किमोनो पुऱ्या बाईच्या मापाचा, खांद्यांवर दुमड घालून टाचलेला होता. "वाढेल तसतसे टाके उसवीन," आई म्हणाली.

दुसऱ्या दिवशी देवदर्शन झाले. परतताना नदीवर लांब लाकडी पूल लागतो. तो ओलांडण्यापूर्वी मुलाने मागे पाहिले, तर मिळालेली बुद्धी परत जाते, असे तेथे मानतात. हारू एकटी पुढे चालू लागली.

"मान वळविल्याने बुद्धी जाते, यास प्रमाण काय?" मी विचारले.

"शास्त्रीबुवा, प्रमाण तमारे घेर, तुमच्या घरी," मगनभाई म्हणाले. "इथे फक्त पूल आहे. पोरीला जाऊ द्या."

ते उत्तर मला झोंबले. हारू मध्यावर पोहोचताच मी मोठ्याने तिचे नाव घेऊन हाक मारली.

वडील माणसाच्या हाकेस ओ न देणे तिला कोणी शिकविलेले नव्हते. ती वळली, कमरेत वाकली, आणि मग तिच्या ध्यानात आले. त्याच आठवड्यात ती मोठ्या शाळेत दाखल झाली होती. पुन्हा वर देवळात जाता येईल का, असे मी मगनभाईंकरवी मास्तरांना विचारविले.

"मास्तर कहे छे, दान एकदाच मिळतं," मगनभाई माझ्याकडे न पाहता म्हणाले. "तुम्ही मनाला लावून घेऊ नका, असंही म्हणतात."

त्या घरी मी आणखी चार दिवस राहिलो. धडा अडला की हारू आईकडे पाही, आणि आई माझ्याकडे पाहण्याचे टाळी. रूढी निराधार, म्हणून इजाही निराधार, हे अनुमान परतीच्या बोटीवर मी अनेकवार मांडले. प्रत्येक वेळी ते हेत्वाभास ठरले. त्या बाजूस जाणाऱ्यांनी पुलाच्या अलीकडे थांबावे आणि गप्प राहावे.

बडोद्यास येऊन अहवाल सादर केला. त्यात शाळा आल्या, पोशाख आला. पूल आला नाही. कुटुंबास मात्र सांगितले. ती तांदूळ निवडीत होती.

"निघालेल्याला मागून हाक मारू नये, हे आपल्याकडे पोरीसोरींना ठाऊक असतं. त्यासाठी जपान कशाला गाठायला हवं होतं?" तांदळातला खडा बाजूस टाकून तिने विचारले, "मग तुम्ही काय म्हणालात त्या मुलीला?"

मी काहीच म्हणालो नव्हतो. क्षमा मागण्याचा जपानी शब्द मला ठाऊक आहे. निघतेवेळी, माझी सहल बिघडविली म्हणून, हारूने तो मला म्हटला होता.