चार सणांची एक तारीख

इस्पितळाच्या धुलाईघराच्या मुकादमाला सगळे कॅलेंडरकाका म्हणत. कुणाचा उपास कधी सुटतो, कुणाचं नवं वर्ष कधी लागतं, कुणाचा सण चंद्रावर अवलंबून आहे, हे त्यांना तोंडपाठ. स्वतःचा चष्मा मात्र रोज शोधावा लागे. वॉर्डांच्या चादरींना खुणेचे रंगीत दोरे बांधतात, तेच दोरे ते भिंतीवरच्या कॅलेंडरवर सणाच्या तारखेला बांधत, प्रत्येक माणसाचा एक रंग. ज्याच्या रंगाचा दोरा, त्याची त्या दिवशी सुट्टी. बाकीच्यांनी त्याचं काम उचलायचं. बावीस वर्षांत या दोऱ्यांवरून एकही भांडण झालं नाही. भांडणं व्हायची ती पंख्यावरून.

यंदा मात्र हाताखालच्या तिघांचेही, म्हणजे बॉयलरवाला, इस्त्रीवाली मावशी आणि ड्रायव्हर यांचे, सण एकाच दिवशी आले. काकांनी खुशीत तीन दोरे बांधले. रात्री जेवताना बायको म्हणाली, "त्याच दिवशी आपलाही सण आहे. लेक बाळाला घेऊन येतेय. यंदाही घरी नसलात, तर नात आजोबांना फोटोतच ओळखेल."

काकांचा घास हातातच राहिला. स्वतःसाठी दोरा बांधायची त्यांना सवयच नव्हती. पण दिलेली सुट्टी परत घ्यायची म्हणजे वाढलेलं ताट ओढण्यासारखं. त्यांनी तिन्ही दोरे तसेच ठेवले.

सणाच्या सकाळी ते एकटेच मशीनशी झटापट करत होते. चादरींचा डोंगर काही हलेना. दहा वाजता बॉयलरवाला प्रार्थना आटोपून नव्या कोटातच आला. मागोमाग मावशी आली, भरजरी कपड्यांवर एप्रन चढवत.

"तुम्ही इथे कशा?" काका ओरडलेच.

"तुमची बायको," मावशी म्हणाली, "काल फोनवर पाऊण तास तुमचं गाऱ्हाणं करत होती. सगळं कळलं. नको तेही कळलं."

"अहो, पण तुमचा सण?"

"माझे दिवे संध्याकाळी. याची प्रार्थना सकाळीच उरकली. ड्रायव्हरचा सण तर सूर्य बुडाल्यावर सुरू होतो, तो गाडी घेऊन येतोच आहे. काका, तुम्हाला तारखा सगळ्यांच्या पाठ. वेळ कधी विचारलीत का कुणाला?"

काकांनी चष्मा काढून पुसला. बावीस वर्षांचं पांडित्य साबणाच्या पाण्यासोबत मोरीतून वाहून गेलं.

"निघा आता," बॉयलरवाला म्हणाला. "चादरी काही तुमचं तोंड बघून वाळत नाहीत."

भरदुपारी काका दारात उभे राहिले, तेव्हा बायको लाटणं हातात घेऊनच धावत आली. "काय हो, नोकरी गेली की काय?"

"सुट्टी आहे," काका म्हणाले. हा शब्द स्वतःसाठी वापरताना त्यांची जीभ अडखळली.

लेकीनं बाळ त्यांच्या हातात दिलं. काकांनी नातीकडे डोळे भरून पाहिलं, मग तिचं दुपटं नाकाशी नेलं. त्याला अजून साबणाचा वास होता.

"दोनदा खळबळायला हवं होतं," ते म्हणाले.

"आले बाई घरी," बायको म्हणाली, आणि पान वाढायला आत गेली.