पळसदरीला मुलगी बघायला गेलो होतो

मित्रांनो, आज सकाळी आईबरोबर पळसदरीला मुलगी बघायला गेलो. मी दहावीपर्यंत शिकलेला, चौक गावच्या गॅरेजमध्ये कामाला. ती इंग्रजीत एम.ए. करतेय. पोह्यांची बशी मी तशीच खाली ठेवली.

आम्हा दोघांना बोलायला ओटीवर बसवलं. मी विचारलं, "काय वाचता?"

"राणी व्हिक्टोरियाच्या काळातल्या कादंबऱ्या."

"शेवटी लग्नच होतं ना त्यांत?"

"बहुतेक होतं. तेव्हा लोकांना दुसरा शेवट चालायचा नाही. म्हणून त्यातली बाई मध्येच कुठे अडून बसली, ते आम्ही शोधून वाचतो."

मी घाबरत विचारलं, "तुमच्या मनात काय आहे?"

ती म्हणाली, "हे आजवर कुणी विचारलं नव्हतं. मला आधी परीक्षा द्यायचीय. घरचे ऐकत नाहीत. नंतर या की."

आत जाऊन मीच सांगितलं, परीक्षा झाल्यावर बोलू.

वाटेत आई म्हणाली, "तिनं नाय म्हटलं काय रं?"

"थांबा म्हटलंय."

मुलगी बघून आलेल्यांनो, तुम्ही तिला विचारलं होतं का?