रेघ तुटली तर गाडी थांबेल

"हे कुणी बसवलं?"

आत्या गाडीच्या मागच्या चाकापाशी उकिडव्या बसल्या होत्या. दोरीला बांधलेला चष्मा नाकावर, बोट टायरवर. विचारलं चाकाला, पण घाम फुटला तो मागे उभ्या असलेल्या धाकट्या भावाला.

"मीच. तू सकाळी दाताच्या डॉक्टरकडे गेली होतीस ना? म्हटलं, ताईचं काम हलकं करावं."

"काय लावून बसवलंस?"

"साबणाचं पाणी. भरपूर. अगं, लोण्यासारखं बसलं!"

"लोण्यासारखं बसलं आणि लोण्यासारखंच घसरलं. ये, बघ."

भाऊ वाकला. सकाळी टॅक्सीतून उतरून आत्या धावतपळत शर्यतीच्या पट्ट्यावर पोचल्या, तेव्हा गाडी सुटायला दोन मिनिटं होती. तेवढ्यात त्यांनी ब्रशने चाकावर एक पांढरी रेघ ओढली होती, अर्धी रबरावर आणि अर्धी धातूच्या रिमवर. आता गाडी एक फेरी मारून आली होती आणि त्या रेघेचे दोन तुकडे झाले होते. मध्ये चांगलं तीन बोटांचं अंतर. हवा भरायच्या व्हॉल्व्हची मानही एका बाजूला कलली होती.

ही शर्यत म्हणजे चारशे मीटरचा सरळ पट्टा, दोन गाड्या आणि दहा-बारा सेकंदांचा खेळ. वळण नाही, वळसा नाही. गाडी सुटते तेव्हा इंजिन चाकाला असा हिसका देतं, की टायरने रिमला नीट धरलं नसेल तर रिम आतल्या आत फिरते आणि टायर मागे राहतो. मनगट फिरावं आणि बांगडी तिथेच राहावी, तसं. त्यात या टायरच्या पोटात ट्यूब. टायर सरकला की ट्यूबही सरकते, पण तिचा व्हॉल्व्ह रिमच्या भोकात अडकलेला. थोडं ओढलं तर वाकतो. जास्त ओढलं तर उपटून येतो आणि भर वेगात हवा जाते.

आणि गाडीत बसणार होती भाची, या भावाचीच मुलगी. वय तेवीस, दोन वेण्या, हातात हेल्मेट.

"शेवटी शेवटी गाडी जरा थरथरली खरी," ती म्हणाली. "मला वाटलं, मीच घाबरले."

"तू नाही घाबरलीस, पोरी. चाक घाबरलं," आत्या म्हणाल्या. "शहाणं आहे ते."

आत्या या धंद्यात आल्या त्या एकोणिसाव्या वर्षी, वडिलांच्या टायरच्या दुकानात पावत्या फाडायला. महिनाभरात पावत्यांचा कंटाळा आला. वडील पंक्चर शोधायला ट्यूब टाकीत बुडवायचे, तर ही मुलगी ट्यूब ओल्या गालाशी धरून सांगायची, "इथे फुसफुसतंय." वडील म्हणाले, "पोरीच्या गालाला कान आहेत." मग पावत्या फाडायला भावाला बसवलं. त्याने पावत्यांच्या पाठीवर इंजिनांची चित्रं काढली, पुढे खरीच इंजिनं बांधली, आणि दोघांचं मिळून गॅरेज झालं. तो वेग देतो, या वेग जमिनीला टेकवतात. पेपरात फोटो येतो तो इंजिनवाल्याचा. आत्यांना त्याचं काही नाही. त्यांचा नवरा शाळेत भूगोल शिकवतो. तो म्हणतो, "आम्ही जन्मभर नकाशावरच्या रेघा शिकवल्या, कुणाचं काही अडलं नाही. हिच्या एका रेघेवर गाड्या अडतात!"

ते खरंच होतं. गॅरेजचा नियमच तो. रेघ जुळली तर गाडी जाते, तुटली तर थांबते. आजवर हा नियम कुणी मोडला नव्हता. पण आजवर पहिल्या आठांत यायची वेळही आली नव्हती. उद्याच्या अंतिम शर्यतीत आठच गाड्या घेणार होते आणि भाची नववी होती. क्रम लागायचा तो पट्टा किती कमी वेळात संपवला यावरून, आणि वेळ सुधारायची शेवटची संधी चार ते साडेचार. आत्ता साडेबारा वाजले होते.

"ताई, व्हॉल्व्ह सरळ करू, हवा थोडी वाढवू. निघेल एक फेरी," भाऊ म्हणाला.

"निघेल. आणि ट्यूबही निघेल."

"मग काय करायचं म्हणतेस?"

"टायर उतरवायचे. रिम स्पिरिटने पुसायची, टायर जिथे बसतो तिथे कानशीने खरवडायची. आणि रिमच्या कडेतून टायरात स्क्रू मारायचे."

"नव्या रिमला भोकं?" भावाचा आवाज चिरकला. "आठ महिने वाट बघून आणल्यात मी! आरसा आहे आरसा!"

"आरशात तोंड बघायचं असेल तर घरी लाव. इथे पोरगी बसणार आहे."

मग दोघांनीही भाचीकडे पाहिलं.

"माझ्याकडे काय बघता?" ती म्हणाली. "बाबा, ड्रिल कुठे ठेवलंय?"

झालं. दोन जॅक लागले, चाकं सुटली, टायर उतरले. रिमवर साबणाचा बुळबुळीत थर अजून ओला होता. आत्यांनी त्यावरून बोट फिरवलं आणि ते भावाच्या शर्टाला पुसलं. एरवी त्या टायर नुसत्या ओलसर फडक्याने बसवायच्या आणि दोन दिवस सुकू द्यायच्या. आज दोन दिवस नव्हते, म्हणून स्क्रू.

स्क्रू किती अंतरावर मारायचे, यासाठी आत्यांनी मोजपट्टी मागितली नाही. पर्समधून शिवणाचा दोरा काढला, रिमभोवती एक वेढा घेतला, तोडला. दोऱ्याच्या चार घड्या घातल्या, त्या घडीच्या पुन्हा चार. एका बाजूला सोळा खुणा. तेवढ्याच दुसऱ्या बाजूला.

भाऊ मुकाट्याने भोकं पाडत होता. प्रत्येक भोकाला त्याचा चेहरा असा होई, की जणू त्याचाच दात काढताहेत.

"भूल देऊ का रे, राजा?" आत्यांनी विचारलं.

"तू नको बोलूस माझ्याशी."

टायर परत चढले, हवा भरली. भावाने स्क्रूंचा डबा पुढे केला. "हे घे. लांब आहेत, घट्ट धरतील."

"लांब स्क्रू टायर धरत नाही, ट्यूब फोडतो. टायरची कडा केवढी जाड आहे बघ. रबरात दात रुतले पाहिजेत, आरपार नाही जायचे." त्यांनी दुसऱ्या डब्यातला बोटाच्या पेराहून आखूड स्क्रू उचलला. "हा."

दोन चाकं, चौसष्ट स्क्रू. पावणेचारला शेवटचा बसला. आत्यांनी जुनी रेघ पुसून नवी ओढली. भाचीने हेल्मेट चढवलं.

"आत्या, एक सांग. नक्की ना?"

"नक्की नसतं तर गाडीची किल्ली माझ्या पर्समध्ये असती."

गाडी लाइनवर गेली. दिवे पिवळे, पिवळे, हिरवे. हिसका इतका होता की पुढची चाकं वीतभर उचलली गेली. भाऊ डोळे मिटून उभा होता. आत्या मात्र बघत होत्या, गाडीकडे नाही, फक्त मागच्या दोन चाकांकडे. थरथर नाही. एखादं कापड कात्रीने सरळ कापत न्यावं, तशी गाडी पट्टा संपवून गेली.

फलकावर आकडा लागला. सातवी!

भाची परत आली ती खिडकीतून अर्धी बाहेर लटकत. "आत्या! लोण्यासारखी गेली!"

"तो शब्द आज नको."

"अजून वीस मिनिटं आहेत. अजून एक फेरी मारते. पाचवी येईन, शपथ!"

आत्यांनी थर्मासमधला चहा नुकताच ओतला होता. त्या उठणार, तोवर भाऊच स्क्रूड्रायव्हर घेऊन चाकापाशी गुडघ्यांवर बसला होता. एकेक स्क्रू दाबून बघत तो पुटपुटत मोजत होता. दोन्ही चाकांच्या दोन्ही बाजू त्याने बघितल्या. व्हॉल्व्ह बोटाने हलवून पाहिला.

"ताई, डावीकडचे दोन जरा सैल झाले होते. आवळले. बाकी बासष्ट घट्ट. रेघ जुळतेय."

"बरं."

"मग सोडू गाडी?"

"बघितलंस ना तू? मग सोड."

भाचीने इंजिन चालू केलं. पण भाऊ गाडीसमोरून हलेना.

"बाबा, बाजूला व्हा! वेळ चाललाय!"

"थांब गं." तो बहिणीकडे वळला. "ताई, तरी तू एकदा ये ना. तुझ्या डोळ्याने बघ."

आत्यांनी चहाचा कप त्याच्या हातात दिला, चष्मा नाकावर चढवला आणि डाव्या चाकापाशी जाऊन बसल्या. एकेका स्क्रूवर अंगठा टेकवत त्या पुढे सरकल्या. मग उठल्या, साडीवरची धूळ झटकली आणि भाचीच्या खिडकीवर दोनदा टकटक केलं.

"जा. पाचवी म्हणालीस ना? मग चौथी ये."