पाच सांगितला, सात बसवला

दादांना मी पाच इंची म्हणून जो रायझर दाखवला, तो सात इंची होता. हे मी आजवर कोणालाही सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही.

रायझर म्हणजे स्नोमोबाइलचं, बर्फावर चालणाऱ्या गाडीचं, हँडल उंच करायला त्याच्या खाली बसवतात तो धातूचा तुकडा. दोन इंचांच्या फरकाचं एवढं काय, असं तुम्हाला वाटेल. म्हणून आधी तो माणूस कसा होता ते सांगतो.

"डोळे मीट," ते म्हणायचे. "हात पुढे कर. सैल सोड. आता थांब."

आपण थांबायचो. मग त्यांच्या शर्टाच्या खिशातून पिवळी टेप सर्रकन बाहेर यायची. हात जिथे आपोआप थांबले ती आपली जागा, असं त्यांचं म्हणणं. टेबल, खुर्ची, कीबोर्ड, सगळं त्या जागेपाशी यायला हवं. आपण वस्तूपाशी जायचं नाही. अमेरिकेत, बेलव्ह्यूच्या आमच्या ऑफिसात नवीन माणूस रुजू झाला की पहिल्या आठवड्यात त्याला डोळे मिटून उभं राहावं लागे. गोरी पोरं आधी घाबरायची. नंतर आपण होऊन मित्रांना घेऊन यायची.

दादा ऑफिसात माझे वरिष्ठ, मूळचे नागपूरचे, माझ्याहून पंधरा वर्षांनी मोठे. उंची पाच फूट चार इंच. मी पुण्याचा, सहा फूट. ते मला लंबू म्हणत. यंत्रांच्या चाचणीचे माझे सगळे रिपोर्ट त्यांच्याकडून तपासून येत, आणि चौदा वर्षांत असा एकही रिपोर्ट आला नसेल ज्याच्या कडेला पेन्सिलीने 'परत मोज' असं लिहिलेलं नव्हतं.

"दादा, मोजलंय हो."

"एकदा मोजलं म्हणजे अंदाज केला बे. परत मोज."

वहिनींचा खांदा दुखायचा. डॉक्टर झाले, व्यायाम झाले. एका रविवारी दादा स्वयंपाकघरात स्टूल टाकून बसले आणि वहिनी पोळ्या लाटताना नुसते बघत राहिले. संध्याकाळी पोळपाटाखाली अडीच इंची फळी आली. दोन आठवड्यांत खांदा दुखायचा थांबला. ही गोष्ट सांगताना दादांचा आवाज खाली यायचा. "तेवीस वर्षं ही बाई वाकून लाटून राहिली होती, अन् मी टेप खिशात घेऊन गावभर फिरत होतो."

स्नोमोबाइलचं खूळ ऑफिसच्या सहलीत लागलं. घाटापलीकडे, पूर्वेला, हिवाळ्यात माणूसभर बर्फ असतं. पुढे दोन स्की, मागे रबरी पट्टा, मधे मोटरसायकलसारखी सीट. सगळे बसून चालवत होते. दादा दहा मिनिटांत उतरले आणि म्हणाले, "हे बसून चालवायचं यंत्र नाही. डोंगरावर हे उभ्याने चालवायचं आहे." त्यांचं बरोबर होतं. डोंगरातले लोक उभेच असतात.

दोघांत मिळून एक जुनं मशीन घेतलं आणि माझ्या गॅरेजमध्ये ठेवलं. एकाने चालवायचं, दुसऱ्याने थर्मास घेऊन उभं राहायचं. आधीच्या मालकाने हँडल पार मांडीपाशी ठेवलं होतं. दोघांचीही कंबर धरायची. मग दादांनी माप घ्यायचं ठरवलं. पायपट्ट्यांवर बूट घालून उभे राहिले, गुडघे थोडे वाकवले, डोळे मिटले, हातात झाडूचा दांडा आडवा धरला. माझी धाकटी दारात येऊन हळूच म्हणाली, "डॅड, इज काका स्लीपिंग?"

"नाही बेटा," दादा डोळे मिटूनच म्हणाले, "काका कामात आहेत."

त्यांचं माप आलं तीन इंच. माझं सात.

"पाच आण," ते म्हणाले.

"पाचला मला वाकावं लागेल, दादा."

"थोडा तू वाकशील, थोडा मी ताणीन. मशीन दोघांचं आहे ना बे?"

नाताळच्या सुट्टीत दादा-वहिनी टेक्सासमध्ये फ्रिस्कोला मुलीकडे गेले. मी दुकानात गेलो. पाच इंची होता. सातही होता. सात मागताना मला कोणी भरीला घातलं नव्हतं. मला ताठ उभं राहायचं होतं, बाकीच्या उंच लोकांसारखं. आणि खरं सांगायचं तर चौदा वर्षं कडेला पेन्सिलीची अक्षरं पाहिल्यावर एक तरी गोष्ट त्यांच्या मापाबाहेरची करायची होती. घरी येऊन बसवला आणि वर फोमचं आवरण चढवलं. आता बघून काही कळलं नसतं.

परत आल्यावर दादा पायपट्टीवर चढले. हँडल त्यांच्या बरगड्यांपर्यंत आलं.

"पाच इंच एवढे होतात?"

"पाचच आहे."

त्यांचा हात टेपकडे गेला. मी म्हणालो, "मी मोजलाय, दादा. परत मोजलाय."

ते माझ्याकडे बघत राहिले. मग मोठ्याने हसले, खिशातला हात बाहेर काढला आणि माझ्या पाठीवर थाप मारली. "चौदा वर्षं लागली बे तुला." टेप खिशातच राहिली. इतके खूश मी त्यांना क्वचितच पाहिलं होतं. त्या वेळी बोलता आलं असतं. मी नाही बोललो.

तुम्ही कधी डोंगरउतारावर स्नोमोबाइल आडवी नेली नसेल, म्हणून सांगतो. मशीन खालच्या बाजूला लोळू बघतं. ते होऊ नये म्हणून वरच्या बाजूच्या पायावर सगळं वजन टाकायचं आणि हँडल आपल्याकडे ओढून मशीन डोंगराच्या अंगाला कलतं धरायचं. हँडल बरोबर उंचीला असेल तर हे काम पाय आणि पाठ करतात. जास्त उंच असेल तर सगळा भार खांद्यावर येतो.

आमच्या नेहमीच्या मैदानाच्या वर असाच एक उतार होता आणि त्याच्या पलीकडच्या टोकाला तीन देवदार. तिथपर्यंत आडवं जायचं, असं दादांनी पहिल्याच दिवशी ठरवलं. मी दुसऱ्याच रविवारी तिथे पोचलो. दादा प्रत्येक वेळी अर्ध्यावर पडत. उठत, अंगावरचं बर्फ झटकत, मशीन सरळ करत आणि मला एक बोट दाखवत. "परत."

घरी जाऊन त्यांनी बुटांच्या तळव्यांना रबराचे थर चिकटवले. वहिनी म्हणाल्या, "बघा, साठीला आले अन् उंची वाढवून राहिले!" ते थर बर्फात घसरायला लागले. दादांनी ते खरवडून काढले आणि रोज सकाळी खांद्याचे व्यायाम सुरू केले.

"लंबू, तुला पाचला वाकावं लागतं का रे?" एकदा चहा पिताना त्यांनी विचारलं.

"थोडंसं," मी म्हणालो.

"मग माझं मापच घेताना चुकलं असेल. तीन म्हणालो, पण हात दोनलाच थांबत असतील. नाही तर पाच मला एवढा उंच का वाटावा?"

मी थर्मासचं झाकण लावत बसलो.

मार्चमधल्या एका दुपारी ते अर्ध्याच्या पुढे गेले. खालून मला दिसत होतं, आज जमणार. लाल जाकीट एकेक फूट देवदारांकडे सरकत होतं. मीही आनंदाने ओरडत होतो, हे लिहायला लाज वाटते. शेवटच्या वीस-पंचवीस फुटांवर मशीन खाली झुकलं. "सोडा, दादा! सोडा!" मी बोंबललो. त्यांनी सोडलं नाही. डावा हात हँडलला धरून ते ओढत राहिले आणि मशीन त्या हातासकट खाली आलं.

मी पोचलो तेव्हा ते बर्फात बसले होते, उजव्या हाताने डावा दंड धरून. चेहरा पांढराफटक.

"माझं माप चुकलं बे," ते म्हणाले.

त्या वेळीही बोलता आलं असतं.

खांद्याचे स्नायू फाटले होते. ऑपरेशन चालू असताना वहिनी माझ्या शेजारी बसल्या होत्या. त्या म्हणाल्या, "तुम्ही होतात म्हणून निभावलं. एकटे असते तर काय झालं असतं?" मी त्यांना कॉफी आणून दिली.

हात पुन्हा खांद्याच्या वर गेला नाही. त्यांनी वेळेआधी निवृत्ती घेतली. निरोपाच्या जेवणात स्वतःचीच गंमत करून पडल्याची गोष्ट सांगितली, सगळे पोट धरून हसले. एका पोराने डोळे मिटले, हात पुढे केले आणि म्हणाला, "कम ऑन, वन लास्ट टाइम." दादांनी त्याचे हात हळूच खाली केले. "नो, नो. माय मेजरमेंट इज एक्स्पायर्ड." पुन्हा हशा. जूनमध्ये ते दोघं कायमचे फ्रिस्कोला गेले. मशीन माझ्याकडेच ठेवायला सांगितलं.

पुढच्या हिवाळ्यात मी सात काढून पाच बसवला. अर्ध्या तासाचं काम. त्या उतारावर जाऊन मशीन चालवलं. थोडं वाकावं लागलं, ते म्हणाले होते तेवढंच. उलट मशीन जास्त चांगलं हातात राहत होतं. म्हणजे ज्याच्यासाठी खोटं बोललो, ते मला हवंही नव्हतं.

आम्ही फोनवर बोलतो. टेक्सासचा उन्हाळा, नातवाचं क्रिकेट, माझं ब्लडप्रेशर. गेल्या महिन्यात फोन वहिनींनी उचलला. मुलीच्या नव्या घरात पडदे लावायचे होते, त्याबद्दल सांगत होत्या. "माणूस बोलावला मोजायला. मी म्हटलं, अहो, घरात तुम्ही असताना? तर म्हणाले, माझ्या मापावर आता भरवसा नाही. टेप नातवाला खेळायला देऊन टाकली हो त्यांनी." वहिनी हसत होत्या, पण नीट हसत नव्हत्या.

त्या रात्री मला पहिल्यांदा कळलं की मी त्यांचा फक्त खांदा घेतलेला नाही. एवढी वर्षं मला वाटत होतं, आता सांगून काय उपयोग, हात काही वर जाणार नाही. स्वतःची कातडी वाचवायला माणूस किती शहाणपणाचं बोलतो.

शनिवारचं तिकीट काढलं आहे. बायकोला फक्त दादांना भेटायला जातोय एवढंच सांगितलं होतं. काल इथपर्यंत लिहिलेलं तिला वाचायला दिलं. तिने शेवटपर्यंत वाचलं. मग म्हणाली, "फोनवर सांगू नकोस." सांगणार नाही. समोर बसून सांगेन. ते चिडतील, कदाचित उठून आत जातील, कदाचित वहिनी मला पुन्हा त्या घरात येऊ देणार नाहीत. तरी सांगेन.

त्यांचा खांदा मला परत करता येणार नाही. त्यांचं माप बरोबर होतं, एवढं सांगण्याचं देणं मी त्यांना लागतो, आणि ते अजून फेडलेलं नाही.