होकार आणि हुंकार

सुरेशभाऊ गेल्याचा फोन आला तेव्हा मी मस्कतमध्ये अल् खुवैरच्या सिग्नलवर थांबलो होतो. पलीकडून अस्लम सांगत होता, बरका गावात भाऊ सकाळी चहा घेता घेताच कोसळले... आणि मी नुसता "हो, हो" म्हणत होतो. त्याला आता दीड महिना झाला.

भाऊ गुहागरकडचे. मी ज्या कंपनीत कारकून, तिथेच ते ड्रायव्हर. बावन्नाव्या वर्षी त्यांनी मस्कतच्या एका छोट्या कॉलेजात फौजदारी न्यायाच्या डिप्लोमाला नाव घातलं. संध्याकाळचे वर्ग, पाठीला दप्तर आणि इंग्रजी दहावीपुरतं. मी भरपूर टर उडवली. "भाऊ, कॉपी करताना सापडलात तर शिक्षाही तुम्हालाच सांगावी लागेल." ते हसायचे. "आपल्या माणसाला चौकीत काय विचारतात तेच कळत नाय रे," एवढंच म्हणायचे. मला तो निव्वळ म्हातारचळ वाटायचा.

मग गोदामातून एक कॉम्प्रेसर गायब झाला आणि संशय अस्लमवर आला. अस्लम गोदामातला कामगार, दापोलीचा, चाळिशीचा, अतिशय भिडस्त, हिंदीही जेमतेम. सुपरवायझर हिंदीत धडाधड विचारत होता आणि हा प्रत्येक प्रश्नाला "हां जी, हां जी" करत होता. थोडंफार हिंदी कळणाऱ्या ओमानी साहेबांनी कबुलीजबाब तयार करायला सांगितला. सही झाली की कागद पोलिसांकडे आणि अस्लम तुरुंगात. तो कागद मीच टाइप केला, हे इथे सांगून टाकतो.

तेवढ्यात गाडीची चावी द्यायला भाऊ आत आले. दोन-चार प्रश्न दारातूनच ऐकले. मग सुपरवायझरच्याच सुरात म्हणाले, "अस्लम, ये सामने का समुंदर भी तूने उठाया?"

"हां जी."

"और कल का सूरज?"

"हां जी..."

साहेबांनी मान वर केली. भाऊंनी मोडक्यातोडक्या इंग्रजीत समजावलं. आमच्याकडे समोरचा बोलत असला की हुंकार द्यायचा, नाहीतर तो उर्मटपणा ठरतो. हुंकार म्हणजे ऐकतोय, होकार निराळा. प्रश्न कळला का हे न बघता घेतलेली कबुली ही कबुलीच नव्हे, हे पहिल्याच सत्रात शिकवलंय. मग माझ्याकडे वळले. "तू विचार. मराठीत."

"अस्लमभाई, कॉम्प्रेसर तुम्ही घेतलात?"

तो दचकलाच. "नाय वो! अल्लाशपथ नाय."

साहेबांनी कागद फाडला. "खलास," म्हणाले, म्हणजे विषय संपला. चार दिवसांनी कॉम्प्रेसर हजार किलोमीटरवरच्या सलालाहहून परत आला. चुकून दुसऱ्याच ट्रकमध्ये चढला होता.

डिप्लोमा मिळाला त्या दिवशी आम्ही तीन गाड्या भरून गेलो. मंचावरून नाव पुकारलं आणि भाऊ शाळेतल्यासारखे ओरडले, "हजर!" सगळा हॉल हसला, मग उभा राहून टाळ्या वाजवत राहिला... इतका अभिमान मला स्वतःच्या पदवीचाही वाटला नव्हता.

भाऊंची पिकअप आता अस्लम चालवतो. आरशाला त्यांचं कॉलेजचं ओळखपत्र अजून लटकतंय. त्याला कोणी हात लावलेला अस्लमला खपत नाही. परवा मी शेजारी बसलो होतो. गिअर बदलता बदलता तो म्हणाला, "भाऊ गेले ते मला अजून पटत नाय. तुम्ही तर फोनवर लगेच हो म्हणालात."

"तो हुंकार होता, अस्लमभाई," मी म्हटलं. "होकार मी अजून दिलेला नाही."